मी पृथ्वीवर आळ आणला

टण्.

विणायची सुई फरशीवर पडली आणि घरातली शांतता मोडली. दुपारची वेळ होती. पाच वर्षांची ठमी जमिनीवर पालथी पडून, जीभ बाहेर काढून घराचे चित्र रंगवत होती. तिची आई खिडकीजवळ बसून ठमीचा गेल्या वर्षीचा लोकरी स्वेटर उसवत होती. मुलगी अंदाजाबाहेर वाढली होती, स्वेटर वाढला नव्हता. म्हणून त्याच लोकरीत नवी लोकर मिसळून मोठा स्वेटर विणायचा बेत होता. सुई उचलायला आई वाकली, तिच्या मांडीवरून बाही घसरली, दुमड उलगडली आणि उन्हात काहीतरी चमकले.

ते मी होते.

आईने श्वास रोखून धरला. मला उडवायला एक श्वास पुरतो, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

मित्रांनो, त्या क्षणी मला सापडायचेही होते आणि सापडायचे नव्हतेही. असे का, ते आता सांगते. अपराध्याने आधी आपले नाव सांगावे, मग अपराध.

मी एक जुने वजन आहे. वजन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे वाण्याच्या तराजूतला लोखंडी ठोकळा आला असेल. तो माझा लांबचा, फार लांबचा नातेवाईक. मी एका मिलिग्रॅमचे. तांदळाच्या एका दाण्याशी बरोबरी करायची तर माझ्यासारखी वीस-पंचवीस लागतील. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यातून एका कारागिराने मला कातरले, घासले, तोलले, पुन्हा घासले. तीन दिवस तो माझ्यावर खपला. शेवटी त्याने माझा एक कोपरा वर दुमडला, चिमट्याने धरता यावे म्हणून. तो माझा कान. जन्मभर मला लोकांनी कान धरूनच उचलले आहे. पुढे जे घडले ते पाहता त्यांनी तो जरा पिळायलाही हवा होता.

मखमली पेटीत आम्ही चौदा भावंडे होतो. थोरला पन्नास ग्रॅमचा, पितळेचा, गुबगुबीत. मला पाहून तो म्हणायचा, "तू वजन आहेस की नुसती अफवा?" सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण त्याचे खरे होते. मी पेटीतून गेले तर पेटीलाही कळले नसते.

पण एके दिवशी सगळ्यांना सोडून मलाच बोलावणे आले.

बंदराजवळ एक दगडी इमारत होती. तिथे वेळ मोजत. इमारतीच्या माथ्यावर एक खांब होता, आणि रोज दुपारी बाराच्या ठोक्याला त्या खांबावरचा काळा गोळा खाली पडे. गोळा पडला की बंदरातल्या बोटी आपापली घड्याळे लावून घेत. गोळा ज्याच्या हुकमाने पडे, ते घड्याळ एकवीस पायऱ्या खाली तळघरात होते. तिथे उन्हाळा पोहोचत नसे की हिवाळा. घड्याळ दगडी खांबाला जखडलेले आणि भोवती काचेची घट्ट पेटी, वाऱ्याची झुळूकही आत जाऊ नये म्हणून. त्याच्या लंबकाच्या दांडीवर, बरोबर मध्यावर, टिकलीएवढी तबकडी होती. तीच माझी जागा.

तुम्हाला वाटत असेल, घड्याळ मागे पडले तर काटे पुढे ढकलले की झाले. घरच्या घड्याळाला ते चालते. तिथे काटे ढकलणे म्हणजे आजाऱ्याचा ताप उतरवायला तापमापक थंड पाण्यात बुडवणे. तिथे घड्याळाची चाल सुधारायची असे. लंबकाच्या मध्यावर कणभर वजन ठेवले की त्याचा भार किंचित वर सरकतो. लंबक जणू थोडासा आखूड होतो आणि जरा लगबगीने हलू लागतो. माझ्यामुळे ते घड्याळ दिवसाला सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतके जलद चाले. ज्याला पेटीत अफवा म्हणत, त्याच्या बसण्याने बोटींची वेळ बरोबर येत होती. नऊ वर्षे मी त्या तबकडीत बसून इकडून तिकडे झुलले. एका सेकंदात एक झोका. मला गर्व झाला होता, हे आधीच कबूल करते.

घड्याळ बरोबर आहे की नाही, हे ठरवणार कोण? आकाशातले तारे. वरच्या मजल्यावर एक दुर्बीण होती आणि तिच्या काचेत कोळ्याचा एक धागा ताणून बसवला होता. ठरलेला तारा त्या धाग्याला ओलांडून गेला की बाई बटण दाबत, आणि घड्याळाच्या ठोक्यांशेजारी कागदी पट्टीवर एक खूण उमटे. आता तारा काही चालत नाही. फिरते ती पृथ्वी. म्हणजे बाई दिवसागणिक पृथ्वीचा फेरा मोजत आणि तळघरातल्या घड्याळाशी ताडून पाहत.

या बाई म्हणजेच ठमीची आई. त्या कार्यालयातल्या पहिल्या बाई आणि एकुलत्या एक बाई. ठमीचे वडील बोटीवर कामाला होते, वर्षातून दोनदा घरी येत. दिवसभर ठमी इमारतीशेजारी राहणाऱ्या मावशींकडे असे. बाईंच्या जोडीला एक म्हातारे मिस्त्री होते. घड्याळाचे तेलपाणी, साफसफाई त्यांच्याकडे. काट्यांना पॉलिश करता करता त्यांची बोटे इतकी गुळगुळीत झाली होती की ठमी त्यांना काटेआजोबा म्हणे.

वर्षातून एकदा, थंडी सुरू होताना, काचेची पेटी उघडत. बाई मला चिमट्याने उचलत, मऊ ब्रशने पुसत आणि परत ठेवत. त्या वर्षी नेमक्या त्याच दिवशी शेजारच्या मावशी आजारी पडल्या आणि ठमीला सर्दी झाली. तळघरात परक्या माणसाला नेण्याची सक्त मनाई होती. पण मिस्त्री म्हणाले, "आणा हो तिला. कोपऱ्यात बसेल गुपचूप. मोठे साहेब आज गावाला गेलेत."

ठमी गुपचूप बसणाऱ्यांतली नव्हती. कोपऱ्यातले गोल फिरणारे स्टूल तिने लगेच ताब्यात घेतले. अंगात नवा निळा स्वेटर होता, पुढच्या वर्षीही पुरावा म्हणून ढगळ विणलेला. हाताची बोटे बाहीतच हरवलेली.

"हात पसर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टूलाला एक गिरकी दिली. "आता हात पोटाशी आवळ."

"आई, मी जोरात फिरले! आणि तू तर हातसुद्धा नाही लावलास."

"पृथ्वीचंही असंच होतं."

"पृथ्वीला कुठेत हात?"

"बर्फ आहे, पाणी आहे. बर्फ वरच्या आणि खालच्या टोकाला साठून राहिलं, की तिने हात आवळले. ते वितळून पाणी मधल्या पोटाकडे पसरलं, की हात पसरले. मग ती हळू होते. वाऱ्यानंसुद्धा फरक पडतो. थंडीत एक चाल, उन्हाळ्यात एक चाल."

"आणि तो चंद्र," मिस्त्री दिवा धरता धरता म्हणाले, "तो म्हणजे लांबून लुडबुड करणारा नातेवाईक. तिकडे बसून समुद्राचं पाणी ओढतो. भरती येते, ओहोटी येते, पाणी तळाला घासतं आणि पृथ्वीचा वेग खातं. म्हणून दिवस लांबत चाललाय."

"केवढा लांबलाय?"

"शंभर वर्षांत सेकंदाचा हजारावा भाग, फार तर दोन."

ठमीने विचार केला. "म्हणजे मी म्हातारी झाले तरी?"

"तरी शाळा पाचलाच सुटेल."

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी मला तबकडीत ठेवले. हात जराही हलला नाही. मी बरोबर मध्यभागी बसले. बाईंनी मला ठेवले, हे शंभर टक्के खरे आहे. ते ऐकून ठेवा, कारण पुढे हेच वाक्य त्यांना महागात पडले.

ठमी पाहायला पुढे आली, तबकडीसमोर तोंड नेले आणि शिंकली.

आईने पदर पुढे केला. मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढला. दोन मोठी माणसे एका छोट्या नाकाकडे वळली. "पूस आधी, शेंबडे," आई म्हणाली. मिस्त्री म्हणाले, "नाक आहे की नळ?" मग त्यांनी घाईघाईने पेटी बंद केली, कारण उघडी पेटी घड्याळाला बाधते. बाईंनी वहीत लिहिले: जुनेच वजन परत ठेवले.

पण मी तबकडीत नव्हते. मी ठमीच्या बाहीवर होते.

मित्रांनो, शिंक काही माझा अपराध नाही. अपराध त्यानंतरचा. बाही हलली, मी घसरू लागले. तेव्हा गप्प घसरून फरशीवर पडले असते तर बाईंना चटकन दिसले असते. पण नऊ वर्षे गार तबकडीत काढलेल्या मला ती लोकर ऊबदार लागली. तिला दुधाचा, साबणाचा आणि लहान मुलाच्या घामाचा वास होता. एकदा वर जावे, ऊन पाहावे, असे मला वाटले. मी माझा दुमडलेला कान एका टाक्यात अडकवला आणि घट्ट धरला.

त्या संध्याकाळी बाईंनी ढगळ बाह्या दुमडून दोन-दोन टाके घातले. मी दुमडीच्या आत गेले. माझ्यासाठी ते घर झाले आणि तीच कोठडीही.

आता तळघरात काय झाले असेल, हे तुमच्याही लक्षात आले असेल. घड्याळ दिवसाला सेकंदाच्या पाचशेव्या भागाने मागे पडू लागले. एका दिवसात ते कोणाला कळणार? पण थेंबे थेंबे तळे साचे. महिन्याभरात बाईंना दिसले की तारे आपल्या वेळेच्या आधी धागा ओलांडत आहेत. जणू पृथ्वी घाईने फिरते आहे.

अशा वेळी तिघांपैकी एक चुकत असतो: पृथ्वी, घड्याळ किंवा मोजणारा. बाईंनी आपली नजर तपासली, कागदी पट्ट्या पुन्हा पुन्हा मोजल्या. घड्याळ तर नऊ वर्षे इमानी होते. उरली पृथ्वी. पृथ्वीची चाल ऋतूंप्रमाणे बदलते, हे तेव्हा मोठमोठ्या वेधशाळांत नुकतेच कळू लागले होते. आणि बाईंच्या आकड्यांत ती कोणी पाहिली नव्हती इतकी जलद झाली होती.

बाई किती आनंदल्या होत्या, हे मला ठाऊक आहे, कारण ठमीला कडेवर घेऊनच त्या आकडे मांडत. एका हाताने मुलीला घास, दुसऱ्या हातात पेन्सिल. ठमी म्हणे, "आई, इकडे बघ ना." आई म्हणे, "बघते हं, एवढी एक ओळ." ती एक ओळ संपत नसे. मावशींकडून आणायला उशीर होई, दूध उतू जाई. आणि या सगळ्या धावपळीच्या मुळाशी, त्या मुलीच्याच मनगटाशी, मी बसलेले होते. मी ओरडायला हवे होते. पण एका मिलिग्रॅमचा आवाज तो किती?

संध्याकाळी बाई, ठमी आणि मिस्त्री एकाच रस्त्याने घरी जात. ठमी मिस्त्रींच्या खांद्यावर असे आणि तिचे हात त्यांच्या कपाळाभोवती. त्यामुळे मी त्यांच्या कानापासून चार बोटांवर असे. एकदा मिस्त्री चालता चालता म्हणाले, "बाई, रागावू नका. दिवसाला पाचशेवा भाग, हा आकडा मला ओळखीचा वाटतो."

"म्हणजे?"

"आपल्या त्या छोट्या वजनाची किंमत नेमकी तेवढीच आहे."

बाई थांबल्या. "मी ठेवलं ते. माझ्या हातानं ठेवलं. तुम्ही दिवा धरून उभे होतात."

"होतो."

"मग?"

"काही नाही. एकदा पेटी उघडून बघू, एवढंच म्हणतो."

"पेटी उघडली की चार महिन्यांची मोजणी तुटेल. काटेआजोबा, माझ्या हातावर तुमचा विश्वास नाही का?"

मिस्त्रींनी ठमीला खांद्यावर नीट बसवले. मग म्हणाले, "तुमच्या हातावर आहे. पृथ्वीवर मात्र एकदम एवढा आळ घ्यायला जीव धजत नाही माझा. ती बिचारी बोलू शकत नाही."

तीही बिचारी मुकी, आणि मीही. बाईंनी मोठ्या कार्यालयाला अहवाल धाडला: चार महिन्यांत पृथ्वी पाव सेकंद पुढे गेली आहे.

उत्तर आले ते कौतुकाचे नव्हते. इतर ठिकाणची घड्याळे तसे काहीच म्हणत नव्हती. दोन अधिकारी येणार होते आणि त्यांच्या देखत पेटी उघडायची होती. पेटी उघडल्यावर काय झाले, ते मी पाहिले नाही. त्या दिवशी ठमी मावशींकडे होती. मला ते कळले दुसऱ्या दिवशी, मिस्त्री घरी आले तेव्हा.

ते दारातच उभे राहिले. ठमी धावत जाऊन त्यांच्या पायांना बिलगली. बाईंनी त्यांना बसाही म्हटले नाही.

"तबकडी चार महिने रिकामी होती," बाई म्हणाल्या. "चार महिन्यांचं काम मातीत घातलंत तुम्ही. मला न विचारता मध्येच पेटी उघडलीत?"

"उघडली. तेल बघावं म्हटलं. माझाच हात लागला असणार, वजन पडलं. कुठे गेलं, सापडलं नाही."

"आणि रोज माझ्याबरोबर घरी येत होतात. तेव्हा एका शब्दानं बोलायचं नाही?"

"चुकलं."

"मी तुम्हाला वडिलांच्या जागी मानत होते."

मिस्त्री खाली मान घालून उंबऱ्यावर बसले. ठमी त्यांच्या मांडीवर चढली. ते कशासाठी आले होते? आपले भिंग ठमीला द्यायला. कामावरून त्यांना कमी केले होते. आता भिंग त्यांच्या काय कामाचे? ठमीने ते डोळ्याला लावले आणि आधी आजोबांच्या मिशा पाहिल्या, मग स्वतःच्या नखांतली माती, मग बाहीची लोकर. दुमडीची कड एका जागी सुटली होती. भिंग तिथे थांबले. तिथे मी होते.

मिस्त्रींनीही पाहिले. भिंगातून माझे तोंड त्यांना केवढे मोठे दिसले असेल! आमची नऊ वर्षांची ओळख. मला वाटले, आता सुटले. आता हे मला कान धरून बाहेर काढतील, बाईंपुढे ठेवतील, म्हणतील, "बघा, पेटी मी उघडलीच नव्हती." एवढेच करायचे होते. पण मी मुलीच्या बाहीत सापडले असते तर मुलगी तळघरात गेली होती, हे उघडे पडले असते. मग नोकरी बाईंची गेली असती.

मिस्त्रींनी ठमीच्या कानात काहीतरी सांगितले. मग त्यांच्या गुळगुळीत नखाने मला हळूच दुमडीच्या आत सारले आणि कड नीट बसवली. उठले. "येतो," म्हणाले. बाईंनी वर पाहिले नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला माझे वजन कळले. पुढे थंडी संपली, स्वेटर ट्रंकेत गेला. ट्रंकेच्या अंधारात मी विचार करत बसे: एका उबेसाठी मी कान घट्ट केला, आणि त्यापायी एका खऱ्या माणसाला खोटे बोलावे लागले. पेटीतला थोरला भाऊ मला अफवा म्हणायचा. त्याच्या तोंडात साखर पडो, पण तो चुकला. नुसत्या अफवेने कोणाची नोकरी जात नाही, माझ्याने गेली.

आता मी म्हातारे झाले आहे. त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, काचेखाली मखमलीवर बसलेले असते. तुमच्यासारखी मुले शाळेतून येतात, नाक काचेला लावतात आणि म्हणतात, "कुठंय? दिसतच नाही." काळा गोळा आता पडत नाही. माझ्या पलीकडच्या दालनात नव्या जातीची घड्याळे आहेत. ती लंबकावर चालत नाहीत, अणूंची थरथर मोजतात. लाखो वर्षांत सेकंदाची चूक नाही, म्हणतात. त्यांनी मोजले तेव्हा सगळ्यांना पटले की पृथ्वी खरोखरच एकसारखी फिरत नाही. चंद्र तिला मागे ओढतो, वारे ढकलतात, बर्फ वितळते, तिच्या पोटातला तप्त रस आपल्याच तालात फिरत राहतो. बाईंचा आकडा खोटा होता. कल्पना मात्र खरी होती. याचे मला समाधान वाटावे की अधिकच वाईट वाटावे, ते कळत नाही.

मग एक पंचाईत झाली. अणूंची घड्याळे चुकत नाहीत आणि पृथ्वी त्यांच्याशी पावले जुळवत नाही. पृथ्वीला तर माझ्यासारखे वजन ठेवून सुधारता येत नाही. तेव्हा माणसांनी घड्याळांनीच थांबायचे ठरवले. पृथ्वी फार मागे पडली की जगभरच्या घड्याळांत एकाच क्षणी एक सेकंद जास्तीचा घालत. त्या एका मिनिटात साठऐवजी एकसष्ट सेकंद. विणताना एक टाका वाढवतात ना, तसे. आतापर्यंत सत्तावीस वेळा असा टाका घातला गेला. अलीकडे पृथ्वी थोडी लगबग करू लागली आहे, म्हणून टाका कमी करायची वेळ येते की काय अशी चर्चा झाली. शिवाय संगणकांना हे वरचेवरचे वाढवणे-उसवणे सोसत नाही. तेव्हा काही वर्षांनी ही पद्धत बंद करायचे जाणत्यांनी ठरवले आहे. चालणाऱ्यांतला एक मागे राहिला तर बाकीचे थोडे थांबतात, ही रीत मला आवडत असे. माझ्यासाठी कोणी थांबले नाही, असे म्हणायला मात्र माझ्याकडे तोंड नाही. माझ्यामुळे एक जण कायमचा मागे राहिला.

माझ्या शेजारी एक वही उघडी ठेवलेली असते. तिच्यात बाईंच्या हातच्या चार ओळी आहेत: "चूक पृथ्वीची नव्हती. घड्याळाची नव्हती. मिस्त्रींची नव्हती. वजन माझ्या मुलीच्या बाहीत सापडले आणि मुलीला तळघरात मी नेले होते." त्या ओळींपायी बाईंची दुर्बीण गेली. पुढची तीन वर्षे त्यांनी खालच्या खोलीत बसून इतरांच्या नोंदींच्या नकला केल्या. मिस्त्रींना परत बोलावण्याचे पत्र गेले, तेव्हा ते दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेले होते. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: आता हात कापतो, ठमीची सर्दी कशी आहे?

आणि ठमी? ती आता पिकल्या केसांची बाई आहे. कधीमधी माझी काच उघडून पुसते. त्या वेळी नाकाला रुमाल बांधायला विसरत नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. लहान वस्तू जपा, कारण त्या हरवल्याचे कोणालाच लगेच कळत नाही. आणि हिशेब जुळेनासा झाला तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपली बाही उलगडून पाहा. पृथ्वी मोठी आहे, तिच्यावर दोष ढकलणे सोपे आहे. गप्प बसणाऱ्या माणसावर ढकलणे त्याहून सोपे.

आता त्या दुपारकडे परत येते. सुई फरशीवर पडलेली. बाई तशाच वाकलेल्या. त्यांनी बोटाचे टोक जिभेला लावले आणि मला टिपून घेतले. उन्हात धरले. माझा कान पाहिला. मला त्या विसरल्या नव्हत्या.

मग त्या हळूच खाली बसल्या, खुर्चीवर नाही, फरशीवर. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. त्या मोजत होत्या. पेटी उघडली तो दिवस. शिंक. रुमाल. बाहीचे टाके. दिवसाला पाचशेवा भाग.

"पण त्यांनी तर पेटी उघडली होती," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "त्यांच्या हातून पडलं, असं म्हणाले."

ठमीने चित्रातून मान वर केली. "ती माझी चांदणी आहे, आई. टाकू नकोस हं."

"तुला माहीत होतं?"

"काटेआजोबांनी दाखवली. भिंगातून. म्हणाले, झोपलीय, झोपू दे, आईला सांगू नकोस, आई दमलीय." ठमीने छपराला लाल रंग दिला, मग हात थांबवला. "ते परत का नाही येत आपल्याकडे?"

बाईंनी पायात चपला चढवल्या होत्या. मला त्यांनी एका कागदात घेतले, कागदाची घडी घातली, घडी मुठीत धरली. दाराच्या कडीला हात लावला. तिथून त्या पुढे हलल्या नाहीत. ठमी उठून त्यांच्यामागे आली आणि तिने त्यांच्या पदराचे टोक धरले.

"आई, माझ्या शिंकेनं पडली होती ना ती? मग ती आपल्या हातून पडली, असं आजोबा का म्हणाले? तू तर सांगतेस, खोटं कधीच बोलायचं नाही. मग काटेआजोबा वाईट वागले का?"